वार्धक्याचा दाखला

जी वस्तू जन्मतःच वृद्धाचा वेष धारण करून बाजारात आली, तिला पंधरा वर्षांनंतर सरकारने रीतसर वृद्ध म्हणून जाहीर करावे, यातला विनोद परिवहन खात्याने ओळखावा अशी अपेक्षा बाळगणे गैर आहे. खात्याच्या दफ्तरी माझी मोटारसायकल २०१० सालची, म्हणजे कायद्याने दिलेली पंधरा वर्षांची पहिली मुदत भोगून बसलेली. तेव्हा फेरनोंदणीचा अर्ज, तपासणी, शुल्क, पर्यावरण कर आणि मग पाच वर्षांची मुदतवाढ, असा पुढचा क्रम मुक्रर होता. अर्जातल्या उत्पादनवर्षाच्या रकान्यात मी इमानाने २०१० लिहिले खरे. परंतु तिच्या हेडलाइटच्या दोन अंगांना बसविलेले इवलेसे दिवे, चालकाच्या आसनाखालच्या उघड्या स्प्रिंगा, टाकीचा तो गोलसर, भारदस्त घाट, हे सारे विक्रीदालनातून बाहेर पडतानाच माझ्या वडिलांच्या विद्यार्थिदशेतले होते, आणि त्या जुनेपणापायीच मी अनेक महिने प्रतीक्षा करून वर अधिक किंमतही मोजली होती.

गाडी रॉयल एनफिल्डची क्लासिक ३५०. तिच्या कुळाची कैफियत थोडी सांगितली पाहिजे, नाही तर हा जुनेपणा कोणत्या जातीचा ते ध्यानात यावयाचे नाही. बुलेट हे नाव इंग्लंडातल्या रेडिच येथील कारखान्याने १९३२ साली आपल्या मोटारसायकलीस दिले. स्वातंत्र्यानंतर, पन्नासच्या दशकाच्या आरंभी, आपल्या सैन्याने सरहद्दीवरील गस्तीसाठी ३५० सीसीच्या ८०० बुलेट मागविल्या. त्या मागणीच्या बळावर १९५५ साली मद्रासेत एनफिल्ड इंडियाची स्थापना झाली. आणि पुढे १९६७ साली रेडिचचा कारखाना बंद पडला, त्यानंतर तीनएक वर्षांत इंग्लंडातला उरलासुरला कारभारही आटोपला, तरी मद्रासचा कारखाना तीच गाडी, जवळजवळ त्याच रूपात, पिढ्यान्‌पिढ्या काढीत राहिला. इंग्लंडात जी वस्तू संग्राहकांच्या हाती गेली, ती आमच्याकडे पोलीस ठाण्याच्या आवारात, पाटबंधारे खात्याच्या बंगल्यापुढे आणि दोन्ही अंगांना दुधाच्या किटल्या लटकावून पन्हाळ्याच्या रस्त्यावर राबत होती. तिला कोणी जुन्या घाटाची म्हणत नसे. तिच्या तोडीची वजनदार गाडी दुसरी मिळत नसे, म्हणून ती घेतली जाई. (डिझेलवर चालणारी बुलेटही आमच्या शिवारांतून पुष्कळ दिवस धडधडत होती. साडेसहा अश्वशक्तीची ती गाडी चढावर घामाघूम होई. पण एका लिटरात जे अंतर ती कापी, ते ऐकून आजच्या तरुणास खोटे वाटेल.)

हौसेचा जुनेपणा उपजावयास खरा जुनेपणा आधी संपावा लागतो, आणि येथे ते अक्षरशः घडले. प्रदूषणाचे निर्बंध कडक होत गेले, ओतीव लोखंडाच्या सिलिंडरचे, उजव्या पायाने गिअर टाकावयाचे ते जुने इंजिन २०१० च्या सुमारास काळाच्या पडद्याआड गेले, आणि नेमक्या त्याच संधिकाळात ही क्लासिक अवतरली: आतून सर्वस्वी नवी, इंजिन आणि गिअरपेटी एकाच कवचात बांधलेली, डाव्या पायाने गिअर घेणारी, बटणाने सुरू होणारी, बाहेरून मात्र, जी बंद पडली तिच्याहूनही जुनी.

अशा वेषांतराचे नमुने मोठे मनोरंजक असतात. ट्रायम्फच्या बॉनेव्हिलमध्ये कार्बुरेटर जाऊन इंधनाचे इंजेक्शन आले, तेव्हा त्या नव्या यंत्रणेला बाहेरून कार्बुरेटरचाच आकार देण्याची खबरदारी कारखान्याने घेतली. २०१८ साली ज्या जावाचा पुनर्जन्म झाला, तिचे इंजिन पाण्याने थंड होते, तरी त्याच्या अंगावर वाऱ्याने थंड होणाऱ्या इंजिनाच्या फिन आहेतच. मात्र जुन्या म्हैसूरच्या जावाची खरी खुबी, म्हणजे किक आणि गिअर या दोहोंचे काम करणारी ती एकच दांडी, नव्या अवतारात आली नाही. जे डोळ्यांना दिसते ते राखले, जे पायाला कळते ते सोडून दिले. या व्यवहाराला मी लबाडी म्हणणार नाही. विशीतल्या नटाने पांढरी दाढी चिकटवून म्हाताऱ्याची भूमिका स्वीकारावी आणि तीच भूमिका इतकी वर्षे करीत राहावे की एके दिवशी रंगपटात दाढी उतरवली तरी चेहऱ्यात फरक दिसू नये, तसे काहीसे या गाड्यांचे होते. आणि मला कुतूहल आहे ते त्या मधल्या वर्षांचे, ज्यांविषयी कारखान्याची जाहिरात आणि सरकारचा नमुना दोघेही मौन पाळतात.

या वर्षांत माझ्या अनुभवास आलेली पहिली गोष्ट ही की, खरे वार्धक्य गाडीत जेथे दाखविले होते तेथे आलेच नाही. टाकी आजही दोनदा पुसली की दसऱ्याच्या पूजेला शोभते. ते आले हँडलच्या मुळाशी असलेल्या कोनसेटमध्ये, जेथे हँडल मध्यावर येताच हाताला एक सूक्ष्म खाच लागू लागली आणि वळणावर गाडी किंचित हट्ट धरू लागली. ते आले क्लचच्या केबलमध्ये, जी तुटण्यापूर्वी एकेक धागा सोडीत डाव्या हाताला आगाऊ नोटीस बजावते. आणि ते आले चाकांच्या तारांत, ज्या खडबडीत रस्त्यांनी हळूहळू ढिल्या पडतात. शिवाजी उद्यमनगरातले माझे मिस्त्री चाक घोडीवर चढवून आउट काढावयास बसले, की प्रथम पाना हाती घेऊन एकेका तारेवर हलकी टिचकी मारीत जातात; घट्ट तार टणक बोलते, ढिली तार बद्द वाजते; आणि रस्त्यावर लेथ यंत्रांचा गदारोळ चालू असता तो भेद त्यांना कसा ऐकू येतो, हे मला इतक्या वर्षांत उमगलेले नाही. मग निप्पलला पाव फेरा, पुन्हा टिचकी, पुन्हा चाक फिरवून रिमशेजारी धरलेल्या खडूकडे एक डोळा मिटून पाहणे. मोबाइल वाजला तर ते उचलीत नाहीत.

एकदा महामार्गावरच्या कोण्या गॅरेजात चेन घट्ट करून घेतलेली पाहताच त्यांनी गाडी स्टँडवरही लावू दिली नाही. "मालक, ही चेन कुणी ताणली? तुमी बसला की ती आणि ताणतीया न्हवं." हे शास्त्र खरे आहे. मागचे चाक ज्या दुशाखी हातावर बसलेले असते त्याचा सांधा आणि पुढचे दातेचक्र यांचे केंद्र एक नसते, त्यामुळे वजन पडून हात वर सरकला की दोन दातेचक्रांतले अंतर बदलते. रिकाम्या गाडीची सुबक ताणलेली चेन भरल्या गाडीत गिअरपेटीच्या बेअरिंगचा जीव घेते. म्हणून मिस्त्री मला गाडीवर बसवितात, कधी मागे आपल्या पोऱ्यालाही बसवितात, आणि दोघांच्या भाराखाली चेन बोटाने उचलून पाहतात. छापील पुस्तिकेत आकडा आहेच. परंतु पुस्तिकेला माझे वजन ठाऊक नाही, आणि मिस्त्रींना ते दरवर्षी किती वाढते हेही ठाऊक आहे.

किक ही या गाडीची दुसरी जिवंत गोष्ट. बटण असताना मी सकाळी किक मारतो, हे माझ्या घरात हास्यास्पद ठरलेले आहे. परंतु ७० मिलिमीटर व्यासाच्या सिलिंडरात ९० मिलिमीटरचा पल्ला चालणारा दट्ट्या प्रथम पायाने जोखून घ्यावा, त्याचा दाब तळव्याला लागला की जरा थांबावे आणि मग सारे वजन सोडावे, यात इंजिनाची जी प्रकृती कळते ती बटणाला कळत नाही: गारठ्यात तेल किती जड झाले आहे, दाब कालच्याइतकाच आहे की ओसरला आहे, इत्यादी. या लांब पल्ल्याचाच परिणाम असा की गाडीची ताकद कमी फेऱ्यांतच हाती येते, आणि ताशी साठ-सत्तरच्या पुढे तिला दामटण्यात स्वारीला सुख उरत नाही; आरसे थरथरू लागतात, तळहातांना मुंग्या येतात, आणि माणूस आपसूक हात आवरता घेतो. गगनबावड्याच्या रस्त्याने जाताना ही गती फार नेमकी ठरते. कळे मागे पडल्यावर उसाच्या फडांतून हळूहळू वर चढत जाणारा तो रस्ता, पुढे एका अंगाने करूळ घाटातून वैभववाडीला आणि दुसऱ्या अंगाने भुईबावड्याहून खारेपाटणकडे उतरणारे त्याचे फाटे, हा सगळा मुलूख त्या गतीनेच पाहावयाचा आहे. तारांच्या चाकात ट्यूब असल्याने करूळच्या वळणावर पंक्चर झाल्यास चाक काढण्यावाचून गत्यंतर नसते, आणि पावसात ते काम करताना जुन्या घाटाविषयीचे प्रेम बरेच आटते, हेही नमूद केले पाहिजे.

अलीकडे एक नवा प्रश्न उभा राहिला आहे. पंपावरच्या पेट्रोलात आता २० टक्के इथेनॉल असते, आणि ते इथेनॉल ज्या उसापासून होते तो आमच्याच जिल्ह्यात उदंड. म्हणजे कोल्हापूरच्या गाडीने उसाचा अंश वर्ज्य मानावा हे शोभणारे नव्हे. परंतु माझ्या गाडीच्या जन्मकाळी हे प्रमाण कोणाच्या ध्यानीमनी नव्हते. इथेनॉल हवेतला दमट अंश ओढून घेते आणि जुन्या धाटणीच्या रबरी वायसरांना मानवत नाही. म्हणून पावसाळ्यात गाडी आठवडाभर उभी राहावयाची असली, की पेट्रोलचा कॉक बंद करून इंजिन आपोआप विझेपर्यंत ते चालू ठेवावयाचे, म्हणजे कार्बुरेटरच्या वाटीत काही साचून राहत नाही. शेजारच्या पोरांना हा विधी अगम्य वाटतो, कारण त्यांच्या गाड्यांना कॉकच नाही.

तपासणीचा प्रसंग अपेक्षेहून सौम्य निघाला. शुल्क पूर्वी ३०० रुपये होते, ते २०२२ पासून १००० झाले आहे. २०१९ पूर्वीच्या गाड्यांना सक्तीची झालेली नवी नंबरप्लेट आधीच लावून घेतली होती. आणि चासीवरच्या क्रमांकावर कागद ठेवून पेन्सिलीने ठसा उठविता यावा म्हणून तेथला मळ मी रॉकेल न मिळाल्याने डिझेलनेच खरवडून ठेवला होता. रांगेत माझ्यामागे एक गृहस्थ आपली जुनी स्कूटर घेऊन उभे होते. त्यांनी माझ्या गाडीकडे बराच वेळ निरखून पाहिले आणि म्हणाले, "पाव्हणं, ही तर नवी दिसतीया. तुमी या रांगेत कशाला?" त्यांच्या स्कूटरच्या अंगावर प्रत्येक वर्ष लिहिलेले होते, माझ्या गाडीने आपले वय आधीच सांगून टाकले असल्यामुळे तिच्यावर नव्याने लिहिण्यास काळाला जागाच उरली नव्हती.

माझ्या भाच्याला अशीच गाडी घ्यावयाची आहे. २०२१ साली जी नवी क्लासिक आली ती माझ्या गाडीची प्रतिकृती आहे, म्हणजे प्रतिकृतीची प्रतिकृती, आणि या न्यायाने माझी गाडी बसल्या जागी मूळ प्रत ठरली. "मामा, तुझीच दे की," असे त्याने सुचवून पाहिले. मी साफ नकार दिला आणि नवी घे म्हणून सांगितले, कारण मोजता येईल अशा प्रत्येक बाबतीत नवी उजवी आहे. तिच्या इंजिनात थरथर शमविणारा बॅलन्सर आहे, ब्रेकला एबीएस आहे, थंडीत ती कुरकुरत नाही. त्याला हे सर्व मान्य झाले; फक्त तिला किक नाही, याचे त्याला फार वाईट वाटले. जी किक त्याला आजवर एकदाही धड मारता आलेली नाही, तिचा वियोग त्याला आतापासूनच सोसवत नाही, यावरून तो ती गाडी घेणार हे निश्चित.