प्रकल्प-अहवालाचे गद्य

विज्ञानाच्या पदव्युत्तर विद्यार्थ्याचा संशोधन-प्रकल्पाचा अहवाल हा मराठीच्या अभ्यासकांच्या आस्थेचा विषय होऊ शकतो, असे सहसा कोणास वाटत नाही. तो बहुधा इंग्रजीत लिहिला जातो, विज्ञानशाखेत तपासला जातो आणि बांधणी होऊन विभागाच्या कपाटात विसावतो. परंतु अहवाल हाही अखेर गद्याचाच एक प्रकार होय. ज्या गद्यात एका क्रियापदाच्या निवडीवर विधानाचे खरेखोटेपण अवलंबून असते, त्याकडे भाषेच्या अभ्यासकांनी पाठ फिरवावी हे इष्ट नव्हे. राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानुसार २०२३-२४ पासून महाराष्ट्रात जी पदव्युत्तर रचना आली, तीत दुसऱ्या वर्षाच्या संशोधन-प्रकल्पास तिसऱ्या सत्रात ४ व चौथ्या सत्रात ६ श्रेयांक आहेत. लेखनाला एवढे वजन आले; ते लिहावे कसे, याचे मार्गदर्शन मात्र पुष्कळदा समास, अक्षरांचा आकार आणि प्रतींची संख्या यांपलीकडे जात नाही.

एक साधे उदाहरण घेता येईल. समजा, रसायनशास्त्राच्या एका विद्यार्थ्याने विहिरीच्या पाण्याची दुष्फेनता मोजली. पाण्याच्या ५० मि.लि. नमुन्यात बफर आणि दर्शक मिसळून त्याने ०.०१ मोलर ईडीटीए द्रावणाने अनुमापन केले. तांबूस रंग जाऊन निळा रंग आला, तेव्हाची तीन वाचने १२.४, १२.५ आणि १२.४ मि.लि. अशी मिळाली. सरासरीला २० ने गुणताच गणकयंत्र २४८.६६६७ हा आकडा दाखविते आणि तो तसाच तक्त्यात उतरतो. वस्तुतः ब्युरेटवरील लहानात लहान भाग ०.१ मि.लि.चा असेल, तर त्या एका भागाच्या फरकाने उत्तर लिटरमागे २ मिलिग्रॅमने बदलते. म्हणजे दशांशचिन्हापुढील चारही अंकांना निरीक्षणाचा आधार नाही. ‘सुमारे २४९ मिलिग्रॅम’ हे विधान दिसण्यास ओबडधोबड, परंतु अधिक खरे आहे. साहित्यशास्त्र जिला अतिशयोक्ती म्हणते, तिचेच हे अंकांतील रूप होय. फरक इतकाच की, काव्यात ती वाचकास ठाऊक असते, अहवालात ती त्यास फसविते.

याहून गंभीर प्रमाद निष्कर्षात होतो. भारतीय मानक ब्युरोच्या पिण्याच्या पाण्यासंबंधीच्या २०१२ च्या मानकात, आयएस १०५०० मध्ये, एकूण दुष्फेनतेची स्वीकार्य मर्यादा लिटरमागे २०० मिलिग्रॅम असून दुसरा स्रोत उपलब्ध नसल्यास ६०० मिलिग्रॅमपर्यंत मुभा आहे. सदर नमुना या दोहोंच्या मध्ये पडतो, एवढेच येथे म्हणता येते. विद्यार्थी मात्र लिहून जातो की, ‘या विहिरीचे पाणी पिण्यास योग्य आहे.’ नायट्रेट मोजलेले नसते, जंतूंची तपासणी झालेली नसते, आणि मे महिन्यातील एका नमुन्यावरून पावसाळ्यानंतरच्या पाण्याविषयी काहीच कळत नाही. उद्या ते वाक्य त्या गावाच्या कानी गेले, तर त्याचे परिणाम गुणपत्रिकेपुरते राहणार नाहीत.

असे वाक्य अप्रामाणिकपणातूनच येते असे नव्हे. बहुधा ते उसन्या भाषेतून येते. विद्यार्थी प्रयोगशाळेत मित्राशी मराठीत बोलतो, शंका मराठीत काढतो, आणि लिहिताना आधीच्या अहवालांतील तयार इंग्रजी वाक्ये उचलतो. त्या वाक्यांतील निश्चिततेची मात्रा त्याची स्वतःची नसते. मराठीत ही मात्रा क्रियापदांतच मुरलेली आहे. ‘आढळले’, ‘दिसते’, ‘असावे’, ‘ठरते’, ‘सिद्ध होते’ या पायऱ्यांमधील अंतर मराठी बोलणाऱ्या मुलाला शिकवावे लागत नाही. त्याला आपल्या भाषेत लिहावयास सांगितले, तर ‘योग्य आहे’ आणि ‘योग्य असावे’ यांपैकी एकाची निवड त्याला करावीच लागेल, आणि ती करताना आपण नेमके काय मोजले याचा विचारही करावा लागेल.

शास्त्रीय लेखनास आवश्यक अशी तटस्थताही मराठीच्या अंगची आहे. ‘नमुना गाळला, दर्शक मिसळला, वाचने नोंदविली’ या कर्मणी रचनेत कर्ता आपोआप मागे सरतो आणि क्रियापद कर्माच्या लिंगवचनानुसार चालते. ‘गाळण्यात आला’, ‘नोंदविण्यात आली’ असे कचेरीतील परिपत्रकाचे वळण त्यासाठी घ्यावे लागत नाही. संशोधनाचे सूक्ष्म विवेचन मराठीला पेलत नाही, हा समजही टिकणारा नाही. शंकर बाळकृष्ण दीक्षित यांचा ‘भारतीय ज्योतिषशास्त्र’ हा गणिताने भरलेला ग्रंथ १८९६ मध्ये मराठीत प्रसिद्ध झाला आणि पुढे त्याचे इंग्रजीत भाषांतर करावे लागले.

अर्थात इंग्रजी अहवाल बंद करावा, असे येथे सुचवावयाचे नाही. विज्ञानाचा जागतिक व्यवहार त्या भाषेत चालतो आणि विद्यार्थ्याला त्यात वावरावयाचे आहे. सूचना मर्यादित आहे. प्रत्येक अहवालास विद्यार्थ्याने स्वतःच्या भाषेत लिहिलेला दोन पृष्ठांचा सारांश जोडावा, आणि सादरीकरणाची पहिली दहा मिनिटे त्याच भाषेत, पडद्यावरील मजकुराचा आधार न घेता, व्हावीत. ज्याची भाषा मराठी नाही, त्याला त्याच्या भाषेची मुभा शक्य तेथे असावी. अध्यापन इंग्रजीत असले तरी उत्तरपत्रिका स्थानिक भाषेत लिहू द्याव्यात, असे विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२३ मध्ये विद्यापीठांना सुचविलेच आहे.

यावर आक्षेप असा येईल की, सारांशही यंत्राकडून लिहून घेता येईल. आक्षेप खरा आहे. आयोगाच्या २०१८ च्या विनियमांनुसार १० टक्क्यांपर्यंतच्या साम्यास दंड नाही. पण साम्य मोजणारी आज्ञावली शब्द पकडते, समज पकडत नाही. म्हणूनच मौखिक निवेदनाचे महत्त्व आहे. पीटर मेडावर यांनी १९६३ मध्ये, शास्त्रीय निबंध ही फसवणूक आहे काय, असा प्रश्न विचारला होता. निबंधाची ठरीव मांडणी प्रत्यक्ष विचारप्रक्रियेचे चुकीचे चित्र उभे करते, हा त्यांचा मुद्दा होता. अहवालात जे गाळले जाते, ते बोलताना सांगता येते: कोणते वाचन सोडले, का सोडले, कोणता प्रयत्न फसला. हे सांगणारा विद्यार्थी उणा ठरू नये, ही जबाबदारी परीक्षकांची.

मराठी विभागाकडे यात एक काम येते. दोन पृष्ठांचा तो सारांश विज्ञानाच्या अध्यापकासमवेत मराठीच्या अध्यापकानेही वाचावा. शुद्धलेखनाच्या चुका काढण्यासाठी नव्हे, तर ‘हे आढळले की तुम्हाला वाटले?’ एवढे विचारण्यासाठी. या प्रश्नाचे उत्तर ज्या विद्यार्थ्याला देता येईल, त्याचा प्रकल्प पुरा झाला असे म्हणण्यास हरकत नाही.