श्रेय वर, दोष खाली

माझी आत्या येशूकडे गेली.

वेल्हे तालुक्यात तोरण्याच्या पायथ्याला आमची बौद्धवाडी. तालुक्याचं नाव आता कागदावर राजगड झालंय; वाडीच्या नळाला पाणी मात्र जुन्याच हिशोबानं येतं. 1956 च्या धर्मांतरानंतर माझ्या पणज्यानं घरातले टाक, खंडोबा, भवानी, सगळे टोपलीत भरले आणि कानंदीच्या पाण्यात सोडून दिले. त्या पणज्याची नात आता दर रविवारी डोळे मिटून, हात वर करून प्रार्थना करते. वाडीतली पोरं म्हणाली, पैसे खाल्ले असतील म्हातारीनं. खोटं कशाला बोलू, मी पण तेच म्हणालो. सुट्टी टाकून गावी गेलो ते भांडायलाच.

तिच्या ओट्यावर पास्टर बसलेला. माझ्याच वयाचा, बोलायला गोड. म्हणाला, "दादा, तुम्ही गोदीत आहात ना? वीस टनांची स्टीलची कॉइल आपोआप उचलते का? तिला स्लिंग उचलतं, स्लिंगला हूक, हुकाला क्रेन, क्रेनला ड्रायव्हर. ही साखळी मागं मागं नेत जा. कुठंतरी पहिला कोणी असणारच. त्याला कोणी हलवत नाही, तो सगळ्यांना हलवतो. तोच देव."

मला उत्तर सुचलं नाही. बाबासाहेबांचं नाव घेऊन आवाज चढवला आणि उठलो. उत्तर नसलेला माणूसच आवाज चढवतो. मुंबईला आल्यावर पाळी सुटली की लायब्ररीत जाऊन बसायला लागलो. मी मॅट्रिक. ग्रंथ जड गेले, पण सोडले नाहीत. त्या ओट्यावर न दिलेलं उत्तर इथं देतोय. आणि शेवटी एक कबुलीही द्यायची आहे.

तर दोस्तांनो, हा पुरावा काही त्या पास्टरचा नाही. तेराव्या शतकात थॉमस अ‍ॅक्वायनस नावाच्या इटलीतल्या साधूनं देव सिद्ध करायच्या पाच वाटा सांगितल्या, त्यातली ही पहिली. त्यानं ती घेतली ख्रिस्ताच्या आधी तीन-साडेतीनशे वर्षं होऊन गेलेल्या ग्रीक अ‍ॅरिस्टॉटलकडून. स्वतः न हलता जगाला हलवणारा, ही कल्पना त्याची. आणि याच अ‍ॅरिस्टॉटलनं राज्यशास्त्रावरच्या ग्रंथात लिहून ठेवलंय की काही माणसं निसर्गानंच गुलाम असतात. आता ही दोन मतं शेजारी शेजारी ठेवा. वर एक न हलणारा. खाली जन्माचे राबणारे. मनूची आठवण येत नसेल तर मला सांगा.

स्वतः न हलता सगळ्यांना हलवणारा आम्ही गोदीत रोज बघतो. तो कंत्राटदार. गार केबिनीत बसतो. त्याच्या एका फोनवर मुकादम हलतो, मुकादमाच्या शिवीवर टोळी हलते. कागदावर लिहिलं जातं, अमुक कंपनीनं इतके टन माल उतरवला. कंपनीनं? कॉइलला हात तर आमचा लागला होता! पास्टरभाऊ, तुझी साखळी मागं मागं जाते तेव्हा वाटेत लागणारी माणसं तू मोजत नाहीस. तुला घाई असते पहिल्याकडं पोचायची.

आणि तर्कानंच बोलायचं तर प्रत्येक हलणाऱ्याला हलवणारा लागतो ना? मग तुझ्या देवाला कोण हलवतो? त्याला माफी असेल तर ती माफी जगालाच का नाही? आणि पहिला कोणी असलाच, तरी तो दयाळू आहे, माझ्या आत्याला नावानं ओळखतो, हे त्या साखळीतून कसं निघतं?

दुसरा पुरावा घड्याळाचा. 1802 साली विल्यम पेली या इंग्रज पाद्र्यानं तो गाजवला. माळावर घड्याळ सापडलं तर बनवणारा असणारच. मग एवढं जग बनवणारा का नसेल? याला उत्तर त्याच्या आधीच देऊन झालं होतं. डेव्हिड ह्यूमचं पुस्तक तो मेल्यावर 1779 साली निघालं. त्यात त्यानं जहाजाचा दाखला घेतलाय. जहाज बघून आपण एका थोर कारागिराची कल्पना करतो. पण ते बांधायला पुष्कळ माणसं लागतात, आणि ती सुद्धा पिढ्यानपिढ्या चुकत, सुधारत आलेली विद्या वापरतात. मग जगाचा कर्ता एकच कशावरून? हे वाचलं तेव्हा मी धक्क्यावरच असल्यासारखा हसलो. घड्याळ दिसलं की यांना घड्याळवाला आठवतो. खाणीत लोखंड खणणारा आठवत नाही.

तिसरा पुरावा डोक्यातला. अकराव्या शतकातला अ‍ॅन्सेल्म म्हणतो, ज्याच्याहून थोर काही मनातच आणता येत नाही तो देव. तो नुसता मनात असेल तर त्याहून थोर काही आणता येईल, म्हणून तो खरोखर असलाच पाहिजे. कांट नावाच्या जर्मन तत्त्वज्ञानं 1781 मध्ये याला शंभर टॅलरनं मारलं. मनातले शंभर टॅलर आणि खिशातले शंभर टॅलर, कल्पना म्हणून एकच. फरक दुकानात कळतो. पगार लांबलेल्या कामगाराला हे समजायला जर्मनीला जावं लागत नाही.

चौथा तर मटकाच. पास्कल म्हणतो, देवावर लाव. निघाला तर स्वर्ग, नाही निघाला तर गेलं काय? गेलं काय! आमच्या शेकडो पिढ्यांनी हाच आकडा लावला. खेळताना काय गेलं ते आमच्या आज्यापणज्यांच्या पाठीला विचारा.

पण हे पुरावे खोडले म्हणून आपण जिंकलो असं समजू नका. मुळात हा वाद कोण कोणाशी घालत होतं ते बघा. 1831 साली मुंबईत जॉन विल्सन हा स्कॉटिश मिशनरी आणि मोरभट दांडेकर भांडले. 1857 साली मुंबईच्या समुद्रकिनारी विष्णुबुवा ब्रह्मचारी आणि मिशनरी भांडले. काशीतल्या मराठी ब्राह्मण घरातले नीळकंठशास्त्री गोरे 1848 मध्ये ख्रिस्ती झाले आणि मग षड्दर्शनांना खोडत बसले. शून्यातून जग निर्माण करतो तोच खरा देव, असा त्यांचा मुद्दा. सगळे शहाणे. सगळ्यांचा प्रश्न एकच: देव कसा आहे, कोणाचा खरा आहे.

या दोन वादांच्या मधल्या काळात, 1855 साली, अहमदनगरच्या अमेरिकन मिशनच्या ज्ञानोदय या नियतकालिकात एक निबंध छापून आला. लिहिणारी मुक्ता साळवे, जोतीराव-सावित्रीबाईंच्या पुण्यातल्या शाळेतली मांगाची पोरगी. विषय मांगमहारांचं दुःख. पेशवाईत तालमीपुढून गेलेल्या मांगमहाराच्या डोक्याचा चेंडू कसा व्हायचा, इमारतीच्या पायात आपली माणसं कशी गाडली जायची, आपल्या बाया बिनछपराच्या कशा बाळंत व्हायच्या, सगळं तिनं लिहिलं. आणि देवालाच विचारलं की वेद जर ब्राह्मणांचे, तर आमचा धर्म कोणता, ते सांग.

बघा, देव आहे का, हे ती विचारत नाही. तू आमचा आहेस का, हे विचारते. शास्त्री-पाद्र्यांच्या एकाही पुराव्यात याचं उत्तर नाही. मराठीतलं खरं ईश्वरशास्त्र तिथं सुरू होतं, एका शाळकरी मुलीच्या वहीत. सेमिनारीत ते शिकवतात का, पास्टरभाऊ?

जोतीराव स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकले. येशूला त्यांनी बळीराजाच्या रांगेत बसवलं. पण बाप्तिस्मा घेतला नाही. निर्मीक मानला आणि त्याच्या नि माणसाच्या मधला दलाल हाकलला. बाबासाहेब आणखी पुढं गेले. 1957 साली निघालेल्या ‘बुद्ध आणि त्याचा धम्म’मध्ये वासेट्ठ आणि भारद्वाज हे दोन ब्राह्मण तरुण बुद्धाकडं येतात आणि ईश्वराचा प्रश्न निघतो. ईश्वरानं जग कशापासून केलं? कशापासून तरी केलं, तर ते आधीच होतं. शून्यातून केलं, तर ते पटण्यासारखं नाही. गोरेशास्त्र्यांच्या मुद्द्याची गाठ तिथं सुटते. आणि धम्म म्हणजे माणसाचं माणसाशी नीट वागणं. त्याला वरून सही लागत नाही.

आता या सगळ्या पुराव्यांमधली चलाखी सांगतो. चांगलं झालं की श्रेय वर. वाईट झालं की दोष खाली.

भोरकडून घाट चढलं की मांढरदेव. 25 जानेवारी 2005, पौष पौर्णिमा, काळूबाईची जत्रा. नारळाच्या पाण्यानं पायऱ्या निसरड्या झालेल्या, वाट अरुंद, मागून रेटा. वर दुकानांना आग लागली. जवळपास तीनशे माणसं मेली. गरीब, बाया, पोरं. आपलेही त्यात होते. 1 नोव्हेंबर 1755, पोर्तुगालमधलं लिस्बन, सगळ्या संतांच्या सणाचा दिवस. लोक चर्चमध्ये गोळा झालेले असताना भूकंप झाला आणि देवळं भक्तांच्याच डोक्यावर पडली. देव सर्वशक्तिमान आणि दयाळू, दोन्ही आहे, तर हे का? ख्रिस्ती पंडित ऑगस्टिनच्या काळापासून सांगत आलेत: वाईट देवानं केलं नाही, माणसाच्या पापातून आलं. आमच्याकडं म्हणतात, कोणीतरी शिवलं असेल, काहीतरी चुकलं असेल. गोदीत स्लिंग तुटून माणूस चेपला की पहिला शब्द काय येतो? कामगाराचा निष्काळजीपणा. माल उतरला तर कंपनीनं उतरवला, माणूस मेला तर त्याचा तोच मेला. वरच्या केबिनीतही आणि आभाळातही हिशोबाची वही एकच.

एक मात्र कबूल करू. ख्रिस्ती लोकांमध्येही मुक्ताचा प्रश्न विचारणारे निघाले. 1981 साली बंगळूरच्या युनायटेड थिऑलॉजिकल कॉलेजात अरविंद निर्मल यांनी शूद्रांचं ईश्वरशास्त्र मांडलं, त्यातून पुढं दलित ईश्वरशास्त्र उभं राहिलं. इथल्या चर्चमधली बहुतेक माणसं दलित, आणि पंडित मात्र वेदान्ताशी गप्पा मारत बसलेले, हे त्यांनी तोंडावर सांगितलं. त्यांचा देव केबिनीतला नाही, मार खाणारा सेवक आहे. या देवाचा पुरावा ते देत नाहीत. म्हणूनच त्याच्यापुढं माझा आवाज खाली येतो.

पण तिरुचिरापल्लीच्या कॅथलिक दफनभूमीत दलितांची मढी वेगळी ठेवायला भिंत उभी राहिली, तेव्हा तो सेवक कुठल्या बाजूला पुरला होता? 2016 साली कॅथलिक बिशपांनी स्वतःच लेखी मान्य केलं की चर्चमध्ये अस्पृश्यता आहे. आणि सरकार? 1950 च्या राष्ट्रपतींच्या आदेशानं हिंदू असेल तरच अनुसूचित जात. 1956 ला शीख घेतले, बौद्धांना 1990 पर्यंत ताटकळत ठेवलं, ख्रिस्ती झालेले दलित अजून बाहेरच. देव आहे की नाही हे तत्त्वज्ञांना ठरवता आलं नाही. कुठला देव मानला की जात जाते, हे कचेरीतला कारकून ठरवतो. वाडीत मात्र ती जात नाही.

आता कबुली.

दुसऱ्यांदा गावी गेलो तेव्हा पास्टर नव्हता. आत्याला म्हटलं, मी सगळे पुरावे वाचलेत, एकेक खोडून दाखवतो. ती चूल फुंकत होती. म्हणाली, "आरं बाळा, द्येव हाय का न्हाय, मला काय ठावं. मला टीबी झाला तवा वाडीनं माझा तांब्या येगळा क्येला. त्यो पोरगा आला, माझ्या हातचा च्या प्याला. गाडीवर बसवून भोरला न्हेलं, गोळ्या आनून दिल्या. तू कुटं हुतास?"

मी मुंबईत होतो. फोनवरून पाचशे रुपये पाठवले होते.

तांब्या वेगळा केला! आपल्या वाडीनं. बौद्धवाडीनं. भोरहून वरंधा घाट उतरलं की महाड. 20 मार्च 1927 ला बाबासाहेब तिथं चवदार तळ्याचं पाणी प्यायले ते कशासाठी? आणि नंतर सनातन्यांनी शेणमुताच्या एकशे आठ घागरी ओतून तळं शुद्ध केलं म्हणून आपण आजही दात-ओठ खातो. दर 20 मार्चला आपल्या वाडीची गाडी झेंडे लावून तो घाट उतरते, आणि घाटाच्या अलीकडं आत्याचा तांब्या वेगळा.

आत्याला आकाशातल्या बापानं बरं केलं नाही. गोळ्यांनी केलं. गोळ्या शोधणाऱ्यांनी, बनवणाऱ्यांनी, वाटणाऱ्यांनी केलं. आणि त्या पोरानं केलं, तिच्या हातचा चहा पिऊन. त्याचं श्रेय तो स्वतःच वर पाठवतो, ही त्याची चूक. पण केलं त्यानं. आपण काय केलं? आपण तर्क बरोबर ठेवला आणि आत्या घालवली.

विनयपिटकात गोष्ट आहे. एक भिक्खू पोट बिघडून स्वतःच्या घाणीत पडलेला. बाकीचे त्याच्याकडं बघत नव्हते, कारण तो कोणाच्या कामाचा नव्हता. बुद्धानं आनंदाला पाणी आणायला लावलं आणि दोघांनी मिळून त्याला धुतला. मग भिक्खूंना सांगितलं, माझी सेवा करायची असेल तर आजाऱ्याची करा. ईश्वराशिवायचा धम्म म्हणतात तो हा. वर कोणी बघत नाही, म्हणून तर आपणच बघायचं असतं.

मोर्चाला आपण दोनशे पोरं जमवतो. प्रत्येक वाडीत आजाऱ्यांची यादी करणारी दोन पोरं जमवा. विहारात फोटोला हार घालून झाला की त्या यादीतल्या घरी जा आणि तिथल्या तांब्यानं पाणी प्या. मग पास्टरशी वाद घालू, रात्रभर घालू. तोवर आपल्याला तोंड नाही.

आत्या अजून रविवारी सभेला जाते. परवा गेलो तेव्हा तिच्या तांब्यानं पाणी प्यालो. ती काही बोलली नाही. मी पण देवाचा विषय काढला नाही.