थोरियमचा कण

जळलेली गोवरी राखेतही आपला आकार धरून असते, हे चुलीपाशी बसणारांस सांगावयास नको. थोरियमचेही तसेच आहे. केरळच्या मोनाझाइट वाळूतून काढलेल्या थोरियमच्या द्रावणात ऑक्झॅलिक आम्ल घातले म्हणजे ऑक्झॅलेटाचा पांढरा साका बसतो. तो भाजला की ऑक्साइड उरते, परंतु कणाचा घाट पूर्वीचाच. म्हणून कणाच्या आकाराचा निकाल भट्टीपूर्वीच लागतो: ऊन द्रावणात कण मोठा, थंड द्रावणात बारीक. हे ऑक्साइड सुमारे ३,३०० अंशांवर वितळते. त्याहून पुष्कळ कमी उष्णतेत इंधनाची वडी घट्ट व्हावी तर कण बारीकच हवा. पण बारीक पूड उडते, आणि ही किरणोत्सर्गी धूळ कामगाराच्या छातीत शिरते! द्रवापासूनच गोलक बनविणारी सॉल-जेल रीत म्हणूनच आम्हांस अधिक पसंत. तीत कोरडी पूड हाताळावी लागत नाही.