डीपीवर किती तास?

ज्ञानगंगा अभयारण्याच्या कडेला ज्यांची शेते आहेत, त्यांना रब्बीत रात्रपाळीची वीज आली की हरभऱ्याला पाणी द्यायला एकट्याने जाता येत नाही. हातात बॅटरी, काठी आणि सोबतीला घरचा एखादा माणूस लागतोच. या डोंगरात अस्वल आहे, बिबट्या आहे. रानडुकरांची तर गणतीच नको. त्यामुळे बुलढाणा जिल्ह्यात दिवसा विजेची मागणी आधी जिवाची आहे, पर्यावरणाची नंतर.

शेतीला दिवसा वीज मिळावी म्हणून राज्याने 2017 मध्ये मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना आणली आणि 2023 मध्ये तिचा विस्तारित दुसरा टप्पा सुरू केला. 33/11 केव्ही उपकेंद्राच्या जवळपास लहान प्रकल्प उभारायचे आणि त्यांची वीज तिथल्याच कृषी वाहिन्यांना द्यायची, अशी ही रचना. वीज युनिटला तीन रुपयांच्या आसपास पडते. खासगी जमिनीला हेक्टरी सव्वा लाख रुपये वार्षिक भाडे मिळते, तर सरकारी जागेवर प्रकल्प झाल्यास ग्रामपंचायतीला तीन वर्षे दरसाल पाच लाख. योजना कागदावर चोख आहे. मात्र तिचा आढावा घेताना प्रश्न विचारला जातो तो एकच: किती मेगावॅट झाले?

हा प्रश्न अपुरा आहे.

एक मेगावॅटचा प्रकल्प भर दुपारी पाच एचपीच्या साधारण अडीचशे मोटारी ओढू शकेल, असा ढोबळ हिशेब निघतो. सकाळी नऊला किंवा ढगाळ हवेत तो कोलमडतो आणि उरलेली वीज ग्रीडमधून, म्हणजे बहुतांशी कोळशावरच्या केंद्रांतून घ्यावी लागते. त्यातच वीज आली की ऑटोस्विच लावलेल्या सगळ्या मोटारी एकदम उठतात. कपॅसिटर बऱ्याच ठिकाणी नसतो, असला तरी जोडलेला नसतो. व्होल्टेज पडते, फ्यूज उडतो, शेवटी डीपी, म्हणजे वितरण ट्रान्सफॉर्मर, जळते. पाणी ऐन गरजेला असताना डीपी बदलायला आठवडा लागला, तर त्या शेतकऱ्यापुरता उपकेंद्राशेजारचा प्रकल्प असून नसल्यासारखा.

जिल्हाही एकसारखा नाही. घाटावर चिखली, मेहकर, देऊळगाव राजाकडे विहिरींवरच्या मोटारींचा भार रब्बीत चढतो. घाटाखाली पूर्णेच्या खोऱ्यातल्या खारपाणपट्ट्यात भूजल खारे, त्यामुळे सिंचनाचे गणितच वेगळे. पावसाळ्यात दोन्हीकडे बहुतेक मोटारी बंद असतात, तेव्हा प्रकल्पाची वीज उलट 33 केव्हीकडे जाते. उपकेंद्राची क्षमता आणि संरक्षण यंत्रणा दोन्ही ऋतू धरून आखली नाही, तर तयार वीज सोडून द्यावी लागेल.

मोजमापाचा पेच आणखी जुना आहे. असंख्य कृषीपंपांना मीटर नाही. वापर एचपीवरून अंदाजे धरला जातो. एप्रिल 2024 पासून साडेसात एचपीपर्यंतच्या पंपांचे बिल सरकार भरते. वीज दिवसा, तीही फुकट आणि मोजदाद नाही, अशा स्थितीत घाटावरच्या विहिरींची पातळी कोण पाहणार? गुजरातने ज्योतिग्राम योजनेत 2003 पासून गावठाण आणि शेतीच्या वाहिन्या वेगळ्या केल्या. त्यामुळे शेतीला जाणाऱ्या विजेचा हिशेब निदान वाहिनीपुरता तरी लागू लागला. आपल्याकडेही वाहिनीवरचे मीटर हाच सध्या भरवशाचा आधार आहे.

जमिनीचे कामही केवळ महसूल खात्याच्या नोंदीवर सोडून चालणार नाही. विदर्भात ई-क्लास म्हणून ओळखल्या जाणाऱ्या जमिनीवर गावची गुरे, शेळ्यामेंढ्या चरतात. कुंपण पडण्याआधी ग्रामसभेत चराईचा पर्याय ठरला पाहिजे आणि पंचायतीला मिळणाऱ्या रकमेचा विनियोगही तिथेच ठरावा.

वितरण क्षेत्रातल्या अभियंत्यांपुढे म्हणून एक साधा प्रस्ताव आहे. सौर झालेल्या प्रत्येक कृषी वाहिनीसाठी दरमहा तीन आकडे ग्रामपंचायतीच्या फलकावर लागावेत: दिवसा प्रत्यक्ष मिळालेले थ्री-फेज तास, प्रकल्पाने दिलेली युनिट्स, आणि जळालेल्या डीपी किती दिवसांत बदलल्या. त्यासाठी लागणाऱ्या नोंदी उपकेंद्रात आणि शाखा कार्यालयात होतच असतात. नवा निधी लागत नाही. येत्या रब्बीपासून निदान एका उपकेंद्राने सुरुवात करावी.