शेवटचा मुक्काम पाटण
सायकलींवरून बळसाणे, वाघळीची देवळं पाहत आलेल्या मंडळींनी शेवटच्या दिवसासाठी चाळीसगावजवळचं पाटण राखून ठेवावं. तोवर मांड्या बोलू लागलेल्या असतात, ‘हेमाडपंती’ शब्द ऐकला तरी जांभई येते. पण डॉ. भाऊ दाजी लाडांनी उजेडात आणलेला इथला १२०७ चा शिलालेख झोप उडवतो. तो सांगतो: गणिती भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांचे ग्रंथ शिकवायला मठ काढला. इथल्या निकुंभ राजांनी मठाला उत्पन्नं लावून दिली. शिलालेखातला काही मजकूर तर चक्क तेव्हाच्या मराठीत: बाजारातल्या करातला वाटा, घाण्यामागे पळीभर तेल! आजोबांचा ‘सिद्धान्तशिरोमणी’ शिकवण्याचा खर्च असा बाजारपेठेतून निघे. आजच्या विद्यापीठांच्या अनुदानाचा विषय मात्र शेवभाजी येईपर्यंत काढू नये. उपाशीपोटी भांडणं फार लांबतात.