वाटणीच्या वेळी मालक कुठे होता?

गिझाच्या पिरॅमिडांजवळचे इजिप्तचे भव्य नवे संग्रहालय १ नोव्हेंबर २०२५ रोजी समारंभपूर्वक उघडले. तुतनखामेनच्या थडग्यातला ऐवज तिथे आता एकत्र पाहायला मिळतो. पण इजिप्तची सर्वांत प्रसिद्ध राणी या घरात नाही. नेफरतिती बर्लिनमध्ये आहे आणि ती परत द्या, ही इजिप्तची जुनी मागणी पुन्हा ऐकू येऊ लागली आहे.

राणीचे हे शिल्प जेमतेम दीड फुटाचे. चुनखडीचा गाभा, वर गिलावा आणि रंग. तिचा पती अखेनातेन याने इसवी सनापूर्वी चौदाव्या शतकात जुने देव बाजूला सारून सूर्यबिंबाची उपासना सुरू केली आणि अमार्नाला नवी राजधानी वसवली. त्याच्यामागे ती ओस पडली. तिथल्या थुतमोस या शिल्पकाराच्या कार्यशाळेत हा चेहरा तीन हजारांहून अधिक वर्षे मातीत राहिला. ६ डिसेंबर १९१२ रोजी लुडविग बोर्खार्ट या जर्मन संशोधकाच्या उत्खननात तो सापडला.

त्या काळी सापडलेल्या वस्तूंची निम्मी-निम्मी वाटणी होई. जानेवारी १९१३च्या वाटणीत राणी जर्मनांकडे गेली. वाटणी नियमानुसारच झाली, असे बर्लिन सांगते. उलट, शिल्प प्लास्टरचे असल्याचे भासवले गेले, असे सुचवणारे १९२४चे एक टिपण २००९ मध्ये उजेडात आले.

फसवणूक झाली की नाही, हा वाद चालत राहील. माझी हयात बँकेत दस्तऐवज तपासण्यात गेली. तिथे सही खरी आहे का, याच्याही आधी एक प्रश्न विचारावा लागतो : सही करणाऱ्याला तो अधिकार कोणी दिला? इथे खोदणारा जर्मन, वाटणी करणारा फ्रेंच आणि १८८२ पासून देशावर ताबा इंग्रजांचा. ज्याची मालमत्ता, तो इजिप्शियन माणूस त्या बैठकीत कुठेच नव्हता. असा कागद नियमात बसेल. न्यायात बसेलच असे नाही.

बर्लिनने राणीला जिवापाड जपले, हे मान्यच करायला हवे. पण दुसऱ्याची ठेव नीट सांभाळली म्हणून ती आपली होत नाही. २००७ मध्ये इजिप्तने ती काही काळापुरती उसनी मागितली, तेव्हा ती नाजूक आहे म्हणून नकार मिळाला. नाजूकपणा खराच असेल; मग परतीच्या प्रवासाची निगुतीने तयारी करावी. बर्लिनला ते अवघड नाही. हवी आहे ती फक्त इच्छा.