म्हातारपणी कसली प्रेमकथा?

आमच्या समुपदेशन केंद्रात दर गुरुवारी दुपारी बायकांची बैठक असते. वीस-बावीस जणी जमतात. कुणी पोटगीच्या तारखेचं सांगते, कुणी घरातल्या कटकटीचं, कुणी नुसती बसून चहा पिऊन जाते. दोन वर्षांपूर्वी अशाच एका गुरुवारी एक मावशी पिशवीतून वही काढून म्हणाल्या, "ताई, आज मी माझं थोडं वाचू का?" मला वाटलं, आत्मकथन असेल. मनातल्या मनात मी खूशही झाले. आत्मकथन म्हणजे आपल्या ओळखीची गोष्ट, वार्षिक अहवालातही घालता येते. मावशींनी चष्मा लावला आणि वाचायला सुरुवात केली. एक आटपाट नगर असतं. तिथे एक आटलेली विहीर असते. विहिरीत एक यक्ष राहत असतो, आणि बावन्न वर्षांची, अर्धे केस पिकलेली एक विधवा त्याच्या प्रेमात पडते.

बैठकीत एकदम हशा पिकला. मैत्रिणींनो, मीही हसले. आज त्या हसण्याबद्दलच लिहायचं आहे.

मावशी आयुष्यभर अंगणवाडी सेविका होत्या. नवरा गेल्यावर दोन मुलं त्या मानधनावर वाढवली. २०२१ साली निकृष्ट मोबाईल आणि इंग्रजीतलं पोषण ट्रॅकर ॲप यांच्याविरुद्ध राज्यभर सेविकांनी मोबाईल परत करण्याचं आंदोलन केलं, त्यात याही होत्या. पण मुलांची वजनं-उंची भरता भरता मोबाईलवर मराठी टाइप करायचा हात बसला तो बसलाच. पासष्टाव्या वर्षी निवृत्त झाल्या, रजिस्टरं सुटली, आणि रात्री सगळे झोपले की स्वयंपाकघरातल्या दिव्याखाली त्या लिहू लागल्या. आधी वहीत, मग मोबाईलवर. लहानपणी तालुक्याच्या वाचनालयातून आणून वाचलेलं नाथमाधवांचं 'वीरधवल' त्यांच्या डोक्यात पन्नास वर्षं तसंच होतं. अशा कादंबरीला जुनी मंडळी 'अद्भुतरम्य' म्हणत. मावशींना तसंच काहीतरी लिहायचं होतं. फक्त नायिका आपल्या वयाची हवी होती.

आता छापायला कुणाच्या पायऱ्या झिजवाव्या लागत नाहीत. २०१४ साली सुरू झालेल्या 'प्रतिलिपी'सारख्या ॲपवर कुणीही मराठीत गोष्ट टाकू शकतं. ॲमेझॉनच्या किंडलनेही डिसेंबर २०१६ मध्ये मराठीसह पाच भारतीय भाषांत पुस्तकांची सोय केली आणि लेखिकेला आपलं ई-पुस्तक स्वतः प्रसिद्ध करता येऊ लागलं. मावशींनी टोपणनावाने एकेक प्रकरण टाकायला सुरुवात केली. टोपणनाव का, हे तुम्हां-आम्हांला विचारायला नको. १९३३ साली 'कळ्यांचे निःश्वास'वर मालतीबाई बेडेकरांना 'विभावरी शिरूरकर' हे नाव घालावं लागलं होतं. नव्वद वर्षांनी मावशींनाही खरं नाव लपवावंसं वाटलं. "सोसायटीत कळलं तर म्हणतील, म्हातारीला काय सुचतंय," असं त्या म्हणाल्या.

खरं सांगायचं तर मलाही तसंच वाटलं होतं, फक्त माझी भाषा वेगळी होती. एम.एस.डब्ल्यू. करताना आम्ही शिकलो होतो की प्रणयकथा बाईला पुरुषाची वाट बघायला शिकवतात आणि अद्भुत कथा वास्तवापासून पळवतात. बैठक संपल्यावर मी मावशींना बाजूला घेऊन, अगदी गोड शब्दांत, सुचवलं की त्या विधवेच्या शेजारी एखादी छळ होणारी सून दाखवा, २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याची थोडी माहिती घाला, म्हणजे वाचणाऱ्या बायकांना उपयोग होईल. यक्षाला संरक्षण अधिकारी करा एवढंच सांगायचं मी बाकी ठेवलं!

मावशी शांतपणे म्हणाल्या, "ताई, तुमच्या रजिस्टरात माझं काय झालं ते सगळं लिहिलंय. मला काय हवं होतं ते कुठं लिहू?"

मी त्या रात्री आमचा केस-पेपर काढून पाहिला. त्यात 'अर्जदाराची अपेक्षा' असा रकाना आहे. गेल्या कित्येक वर्षांत त्यात आम्ही काय लिहिलं? पोटगी. मुलांचा ताबा. स्त्रीधन परत मिळावे. नांदायला जायचे आहे. नांदायला जायचे नाही. हे सगळं महत्त्वाचंच आहे, त्यासाठी आपण रस्त्यावर उतरलो आणि उतरत राहू. पण बाईची अपेक्षा एवढ्यातच संपते का? आपण बायकांना दुःख सांगायचं बळ दिलं, हे चळवळीचं मोठंच काम. मग सुख कल्पायची वेळ आली की आपल्याला हसू का येतं?

स्त्रियांच्या चळवळीला कल्पनेचं वावडं होतं असंही नाही. १९०५ साली रुकय्या सखावत हुसेन यांनी 'सुलतानाज् ड्रीम' लिहिलं. त्यात पुरुष पडद्यात आणि बायका राज्य करताहेत, सूर्याची उष्णता वापरून शत्रूला हरवताहेत. आपल्याकडे काशीबाई कानिटकरांनी 'पालखीचा गोंडा'मध्ये बायकांच्या हाती कारभार असलेल्या संस्थानाचं स्वप्न रंगवलं. ते पुस्तक १९२८ सालचं. काशीबाईंचा जन्म १८६१ चा. म्हणजे सदुसष्टाव्या वर्षी या बाईने एक अख्खं राज्य मनाने उभं केलं. लग्नानंतर वाचायला शिकलेली बाई! तिला आपण आद्य लेखिका म्हणून मान देतो. आणि आपल्या बैठकीतली त्याच वयाची बाई यक्षाची गोष्ट वाचू लागली की तोंडाला पदर लावतो.

यावर काही मैत्रिणी म्हणतील, काशीबाईंच्या स्वप्नात राज्यकारभार होता, इथे नुसतं प्रेम आहे. हा आक्षेप मला महत्त्वाचा वाटतो. मोबाईलवर वाचल्या जाणाऱ्या प्रेमकथांत काय चालतं ते मी मावशींमुळे बरंच वाचलं. श्रीमंत, तापट नायक. जबरदस्तीचं लग्न. तो तिला कोंडतो, हात धरून ओढतो, आणि विसाव्या भागात कळतं की हे सगळं प्रेमापोटी होतं. आपल्या केंद्रात जो पुरुष आरोपी म्हणून येतो तोच तिथे नायक असतो. हे बायकाच लिहितात आणि बायकाच वाचतात. याकडे डोळेझाक करून 'बाई लिहितेय ना, मग झालं' असं मी म्हणणार नाही.

पण त्याचं उत्तर काय, हे मला बैठकीनेच दाखवलं. मावशींच्या पहिल्या लेखनात यक्षसुद्धा नायिकेला, ती नको-नको म्हणत असताना, उचलून विहिरीत नेत होता. त्यांनी तो भाग वाचला तेव्हा कुणी हसलं नाही. कोपऱ्यात बसणारी, एरवी कधीच न बोलणारी एक मुलगी म्हणाली, "मलापण असंच उचलून नेलं होतं. सगळे म्हणाले, पोरगा जीव लावतोय तुझ्यावर." बराच वेळ कुणी काही बोललं नाही. मावशींनी वही मिटली. मला वाटलं, आता या पुन्हा वाचणार नाहीत.

पुढच्या गुरुवारी त्या आल्या त्या ते प्रकरण नव्याने लिहून. आता यक्ष काठावर थांबतो आणि विचारतो, तुला काय हवं? तिला उत्तर सुचत नाही, कारण तोवर तिला हे कुणी विचारलेलंच नसतं. तीन रात्री ती येते आणि न बोलता परत जाते. चौथ्या रात्री बोलते, आणि आटलेल्या विहिरीला हातभर पाणी येतं. पुढे सगळी कादंबरी यावरच चालते. गावात जेव्हा जेव्हा एखाद्या बाईला तिची इच्छा विचारली जाते आणि ती खरं उत्तर देते, तेव्हा पाणी चढतं. मावशी म्हणतात, ही कल्पना त्यांची नाही, त्या कोपऱ्यातल्या मुलीची आहे. संमतीवर मी आजवर किती शिबिरं घेतली असतील, पण त्या दिवशी बायका जेवढं बोलल्या तेवढं माझ्या एकाही शिबिरात बोलल्या नव्हत्या.

म्हणून मला वाटतं, प्रेमकथा वाईट म्हणून सोडून देणं म्हणजे ते शेत तणाला सोडून देणं. ती आपल्यात वाचली गेली पाहिजे, तिच्यावर भांडण झालं पाहिजे. आणि भांडण झाल्यावरही लिहिणारीचा शेवटचा शब्द तिचाच राहिला पाहिजे. यक्षाने नायिकेला सोन्याच्या बांगड्या देऊ नयेत असं मी सुचवलं होतं. मावशींनी ऐकलं नाही. "चाळीस वर्षं हातात काचेच्या घातल्या, नंतर त्याही फोडल्या. गोष्टीत तरी सोन्याच्या घालू द्या," म्हणाल्या. मी गप्प बसले.

आता व्यवहाराकडे येते, कारण बाईच्या स्वप्नाचा व्यवहार दुसराच कुणीतरी बघतो हा आपला जुना अनुभव.

ई-पुस्तकाचं खातं मावशींच्या मुलाने उघडून दिलं. मुलगा चांगला आहे, आईला धरून आहे. पण पॅन त्याचं, बँकखातं त्याचं. पहिले अकराशे चाळीस रुपये जमा झाले ते मावशींना तीन महिन्यांनी कळले. तो म्हणाला, "एवढ्याशा पैशांचं काय घेऊन बसलीस?" मावशींनी माझ्यापाशी वाईट वाटून घेतलं, आणि मुलावर संशय घेतला म्हणून त्याहून जास्त वाईट वाटून घेतलं. आम्ही दोघी बसलो, त्यांच्या स्वतःच्या पॅनवर, स्वतःच्या खात्यावर सगळं करून घेतलं. दुपारभराचं काम होतं. जमीन असो, घर असो, बचत गटाचं कर्ज असो, आपण 'नाव कुणाचं' हे पहिल्यांदा विचारतो. पुस्तकाच्या बाबतीत ते विचारायचं मला दोन वर्षं सुचलं नाही.

दुसरा अनुभव जास्त कडू. 'तुमचं पुस्तक आम्ही छापतो' म्हणणाऱ्या एका मंडळींनी निवृत्तीच्या एकरकमी पैशांतून अडतीस हजार घेतले. दोनशे प्रती आल्या, त्यातल्या दीडशेवर अजून खाटेखाली आहेत. आयएसबीएन क्रमांकाचे वेगळे पैसे लावले. वास्तविक हा क्रमांक राजा राममोहन राय राष्ट्रीय एजन्सीकडून लेखिकेला स्वतः अर्ज करून विनामूल्य मिळतो. करारात लिहिलं होतं, 'सर्व हक्क प्रकाशकाकडे'. मावशींनी न वाचता सही केली होती.

म्हणून मैत्रिणींनो, एवढं आपल्या गटात सांगून ठेवा. कॉपीराइट कायदा १९५७ चा आहे. त्याच्या कलम १७ प्रमाणे स्वतः लिहिलेल्या पुस्तकाची पहिली मालक लेखिकाच. त्यासाठी नोंदणी सक्तीची नाही. हक्क दुसऱ्याला द्यायचे तर ते लेखी आणि तिच्या सहीनेच देता येतात. आणि करारात मुदत लिहिली नसेल तर कलम १९ प्रमाणे ती ५ वर्षंच धरली जाते. मावशींच्या करारात मुदत नव्हतीच. आमच्या वकील मैत्रिणीने एक कडक पत्र लिहिलं आणि हक्क लेखी परत आले. पैसे आले नाहीत. हे हक्क लेखिकेच्या हयातभर आणि त्यानंतर ६० वर्षं राहतात. मावशींना हे सांगितलं तेव्हा त्यांनी बोटांवर हिशोब केला आणि म्हणाल्या, "म्हणजे नातीची नातवंडंसुद्धा?"

शेवटी पुन्हा त्या हसण्याकडे. मावशींनी गीतेवर लिहिलं असतं, पाककृती लिहिल्या असत्या, नातवंडांसाठी बालगोष्टी लिहिल्या असत्या, तर कुणी हसलं नसतं. म्हाताऱ्या बाईने दुसऱ्यांसाठी लिहावं, आपल्या इच्छेचं लिहू नये, हे आपल्याही अंगात मुरलेलं आहे. पुरुष सत्तरीत प्रेमकविता लिहितो तेव्हा आपण त्याला रसिक म्हणतो. बाईची इच्छा तिच्या पाळीबरोबर थांबते असं आपण कुठे शिकलो? कुठल्या शिबिरात?

आपल्या गटांतही अशा वह्या नक्की असतील, गादीखाली, पिठाच्या डब्यामागे, मोबाईलमध्ये टोपणनावाने. त्या विचारून बघा. हसू आलं तर आधी आपल्याच हसण्याला प्रश्न विचारा. आणि बाई लिहीत असेल तर तिला दोन गोष्टी जरूर विचारा : करार वाचलास का, आणि पैसे कुणाच्या खात्यात येतात?

मावशींच्या दुसऱ्या पुस्तकावर त्यांचं खरं नाव आहे. मुलाने अजून वाचलेलं नाही. सुनेने वाचलं, आणि दोन दिवस काही बोलली नाही. तिसऱ्या दिवशी तिने विचारलं, "आई, पुढचा भाग कधी?"

आमच्या केस-पेपरात 'अपेक्षा'चा रकाना आम्ही आता थोडा मोठा केला आहे. बहुतेक वेळा तो रिकामाच राहतो. पण आम्ही विचारतो, आणि थांबतो.